खेळातील खोळंबा

प्रत्येक खेळाला दोन प्रकारचे नियम असतात. जिंकले कोण आणि हरले कोण, हे एका प्रकारच्या नियमांनी ठरते. अमक्याबरोबर पुन्हा खेळावयास जावे की न जावे, हे दुसऱ्या प्रकारच्या नियमांनी ठरते. पहिले नियम पुस्तकात छापलेले असतात व ते मोडणाऱ्यास शिक्षा होते. दुसरे बव्हंशी अलिखित असतात. ते मोडणाऱ्यास कोणी काही बोलत नाही, मात्र पुढल्या रविवारी त्याला बोलावणे येत नाही. गॉल्फच्या खेळात या दुसऱ्या प्रकारच्या नियमांवर जितका भार पडतो, तितका अन्य कोणत्याही खेळात क्वचितच पडत असेल.

नागपूरकरांना हा खेळ अगदीच अपरिचित नाही. कामठीची छावणी १८२१ साली वसली, आणि अशा छावण्यांच्या व सिव्हिल लाइन्सच्या वस्तीबरोबरच इंग्रजांचे खेळ हिंदुस्थानच्या गावोगावी पोहोचले. कलकत्त्याचा गॉल्फ क्लब १८२९ सालचा, तर मुंबईचा १८४२ सालचा. साहेब गेले, परंतु त्यांच्या काठ्या आणि चेंडू येथेच राहिले. आज नागपूर-कामठीच्या परिसरात लष्करी अधिकारी, डॉक्टर, वकील, व्यापारी आणि निवृत्तीनंतर प्रकृतीला जपणारी मंडळी पहाटे मैदानावर दिसतात. यांपैकी बहुतेकांना स्पर्धा जिंकावयाची नसते. मोकळी हवा, चार स्नेही आणि थोडी चुरस एवढाच त्यांचा हेतू. अशा हौशी खेळाडूंमध्येच एक तक्रार सर्वत्र ऐकू येते, आणि ती म्हणजे खोळंब्याची.

हा खोळंबा कसा होतो ते समजण्यास खेळाची रचना थोडी ध्यानात घेतली पाहिजे. क्रिकेटच्या मैदानावर एका वेळी एकच सामना चालतो. गॉल्फच्या मैदानावर मात्र एकामागून एक असे अनेक गट एकाच वेळी खेळत असतात. अठरा होल, सात-आठ किलोमीटरांची पायपीट, आणि तीन किंवा चार जणांचा एक एक गट. पहिला गट पुढे सरकला की आठ-दहा मिनिटांनी दुसरा निघतो, त्यापाठोपाठ तिसरा. पुढचा गट चेंडूच्या टप्प्याबाहेर गेल्याखेरीज मागच्याने फटका मारावयाचा नाही, कारण तो कठीण चेंडू डोक्यात बसला तर प्राणावरही बेतू शकते. म्हणजे सारे मैदान ही एक लांबच लांब रांग होय. इतवारीच्या एखाद्या अरुंद गल्लीत मालाच्या हातगाड्या एकामागून एक चालल्या असाव्यात आणि पुढच्या गाडीवाल्याने ओळखीचा मनुष्य भेटला म्हणून गाडी थांबवावी, म्हणजे मागच्या सगळ्यांची जी अवस्था होते तीच येथे होते. गल्लीतला गाडीवाला निदान आरडाओरड तरी करतो. गॉल्फच्या मैदानावर सभ्य माणसे असल्यामुळे ती काठीवर हात टेकून मुकाट्याने उभी राहतात आणि मनातल्या मनात धुमसतात.

खोळंबा करणाऱ्याला आपण खोळंबा करीत आहो याची बहुधा जाणीवच नसते. त्याचे कारण साध्या अंकगणितात आहे. हौशी खेळाडूला एका फेरीत नव्वद फटके लागतात असे धरू. पुष्कळांना याहून अधिकच लागतात. चौघांचे मिळून तीनशे साठ फटके झाले. प्रत्येकाने प्रत्येक फटक्याला अवघे वीस सेकंद अधिक घेतले, तर सात हजार दोनशे सेकंद, म्हणजे पूर्ण दोन तास झाले. चार तासांत आटोपणारी फेरी सहा तासांवर गेली. वीस सेकंद म्हणजे काय? हातमोजा चढवावयाचा, काठी बदलावयाची, वाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी चिमूटभर गवत उडवावयाचे, दोनदा हवेत काठी फिरवावयाची, झाले वीस सेकंद! या क्षुल्लक अवकाशाबद्दल कोणी बोल लावील ही कल्पनाही त्या खेळाडूला शिवत नाही. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण काटकसरीच्या उपदेशासाठी वापरतात. उधळपट्टीलाही ती तितकीच लागू पडते.

विचार करण्यास वेळ लागतो आणि विचारपूर्वक खेळणे हा काही दोष नव्हे, असा येथे आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे. पण बुद्धिबळाइतका विचार दुसऱ्या कोणत्या खेळात लागतो? नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपी हिच्यावर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकला. पहिले दोन डाव बरोबरीत सुटल्यावर जे जलद डाव झाले, त्यांत प्रत्येकीस पंधरा मिनिटे आणि दर चालीमागे दहा सेकंद एवढाच अवधी होता. बुद्धिबळाच्या घड्याळाची खुबी अशी की, जो विचार करतो त्याचाच वेळ खर्च होतो. एका चालीवर दहा मिनिटे घालविलीत तर पुढल्या चालींसाठी तुमच्याच पदरी पाच उरतील. प्रतिपक्षाच्या पुंजीला धक्का लागत नाही. हा न्याय बुद्धिबळालाही सहजासहजी लाभलेला नाही. पूर्वी खेळाडू एकेका चालीवर हवा तितका वेळ बसून राहत आणि समोरच्याला निव्वळ कंटाळ्याने हरवीत. १८६१ साली एका सामन्यात वाळूची घड्याळे वापरून पाहिली आणि १८८३ सालच्या लंडनच्या स्पर्धेत जोडघड्याळ आले, तेव्हा कोठे ज्याचा विचार त्याच्याच खर्चाने होऊ लागला.

गॉल्फमध्ये नेमके उलट घडते. तेथे संथ खेळाडू आपला वेळ खर्चीत नाही, तो दुसऱ्याचा खर्चितो. स्वतः तो तर आनंदातच असतो. फटका सावकाश मारला, चेंडू बरा गेला, चार गोष्टी झाल्या. या चैनीची किंमत त्याच्या मागे उभे असलेले लोक देत असतात, आणि ते त्याच्या पाठीमागे असल्यामुळे त्यांचे चेहरे त्याला दिसत नाहीत.

हे लोक कोण असतात? एखाद्या डॉक्टरला दहा वाजता दवाखाना उघडावयाचा असतो. एखाद्या बाईंनी घरच्या जबाबदारीतून आठवड्यातून एकच सकाळ मोकळी काढलेली असते. नागपूरच्या उन्हाळ्याची तर गोष्टच निराळी. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढणाऱ्या या गावी नऊ वाजल्यानंतरचे ऊन म्हणजे साधी गैरसोय नव्हे. पहाटे साडेपाचला खेळावयास आलेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या गृहस्थाने साडेनऊला सावलीत परतावे, हा सगळा हिशेब पुढच्या चौघांच्या वीस-वीस सेकंदांनी कोलमडतो आणि शेवटचे पाच होल त्याला भर उन्हात काढावे लागतात. यालाही खेळात चालावयाचेच म्हणून सोडून देता येईल. पण त्याच उन्हात आणखी एक माणूस उभा असतो, आणि त्याला मात्र असे सोडून देता येत नाही.

तो म्हणजे कॅडी. खांद्यावर काठ्यांची जड पिशवी घेऊन तो खेळाडूबरोबर सगळी वाट चालतो, झुडपांतून चेंडू शोधून काढतो, आणि पुष्कळदा खेळाडूहून खेळ अधिक जाणतो. त्याची मजुरी जेथे फेरीच्या हिशेबाने ठरलेली असते, तेथे फेरी चार तासांत संपो की सहा तासांत, त्याच्या हाती तेवढेच पैसे पडतात. फेरी वेळेवर संपली तर दुसरी मिळण्याची आशा असते. लांबली तर ती आशा गेली. क्लबातील सभासदाचा वेळ गेला म्हणजे त्याचा न्याहारीचा बेत हुकतो. कॅडीचा वेळ गेला म्हणजे त्याच्या घरी येणारे पैसे कमी होतात. आणि नेमका हाच मनुष्य असा की, ज्याला ‘साहेब, जरा लवकर’ एवढे तीन शब्द उच्चारण्याची सोय नाही. खेळातील सौजन्य ही केवळ बरोबरीच्या माणसांनी एकमेकांशी करावयाची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या मूक भागीदाराचा विचार अवश्य करावा.

येथे एक अन्यायही टाळला पाहिजे. संथ खेळाडू म्हणजे कच्चा खेळाडू अशी पुष्कळांची समजूत असते, आणि त्यामुळे नवशिक्यांवर नाहक डोळे वटारले जातात. वस्तुतः या दोन गोष्टी निराळ्या आहेत. शंभरावर फटके मारणारा मनुष्यही, आपली पाळी येण्यापूर्वीच काठी निवडून तयार असला, तर कोणास अडवीत नाही. उलट ऐंशी फटक्यांत फेरी पुरी करणारा कसबी खेळाडू प्रत्येक फटक्याला मुहूर्त पाहू लागला तर सारे मैदान खोळंबते. दोष सावकाश चालण्याचा नाही, वृद्धपणाचा नाही, अननुभवाचाही नाही; दोष आहे तो तयारी नसण्याचा. आपली पाळी आल्यावर विचारास आरंभ करणे हे खोळंब्याचे मूळ. ताट वाढून झाल्यावर हातपाय धुवावयास निघणाऱ्या पाहुण्यासारखे ते आहे. त्याला घाईने जेवावयास कोणी सांगत नाही. पंक्ति बसण्यापूर्वी हात धुवून ये, एवढेच सांगणे असते.

कच्च्या खेळाडूची अडचण जाणून काही कल्पक माणसांनी तिच्यावर उपायही शोधले आहेत. इंग्लंडातील वॉलसी येथील डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड यांची १९३२ साली प्रचारात आलेली गुणपद्धती त्यांपैकीच. प्रत्येक होलवर गुण मिळवावयाचे आणि गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलून पुढे चालू लागावयाचे. एका होलवर दहा-बारा फटके मारून स्वतःची फजिती व दुसऱ्याचा खोळंबा करण्याचे कारणच उरत नाही. मैत्रीच्या खेळात ही पद्धत फार सोयीची पडते.

मोठ्या खेळाडूंच्या अनुकरणाने मात्र हा रोग बळावतो. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील एका स्पर्धेच्या अखेरच्या होलवर जे. बी. होम्स या व्यावसायिक खेळाडूने एका फटक्यासाठी चार मिनिटांहून अधिक वेळ घेतला आणि त्याबद्दल त्याच्यावर मोठी टीका झाली. त्याच्यापुढे निदान लाखो डॉलरांचे बक्षीस तरी होते. पण दूरचित्रवाणीवर हे दृश्य पाहणारा हौशी खेळाडू दुसऱ्या दिवशी तसाच वाकून, एक डोळा मिटून, चारी दिशांनी ग्रीनची पाहणी करू लागतो. आणि एवढा खटाटोप करून मारलेला चेंडू होलच्या दोन हात बाजूने निघून जातो. पाहणी व्यावसायिकाची आणि फटका हौशी माणसाचा, असा हा बेबनाव असतो.

मग यासाठी कायदाच का असू नये? गॉल्फचे सर्वांत जुने लिखित नियम स्कॉटलंडातील लीथ येथे १७४४ साली झाले. ती सारी मिळून तेरा कलमे. हरवलेल्या चेंडूचे काय करावे, पाण्यात पडलेल्याचे काय करावे, हे त्यांत आहे. किती वेळात खेळावे याचा उल्लेख नाही. तेव्हा त्याची गरज भासली नसावी. पुढे मैदानावर गर्दी वाढली आणि नियमांना वेळेकडे लक्ष द्यावे लागले. २०१९ सालच्या सुधारणेने हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणली. आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांच्या आत फटका मारावा अशी शिफारस केली. ज्याचा चेंडू होलपासून दूर त्याने आधी खेळावे हा जुना शिरस्ता सैल करून, फटक्यांच्या मोजणीच्या खेळात जो तयार असेल त्याने खेळावे यास उत्तेजन दिले. विनाकारण विलंब करणाऱ्यास आधी एका फटक्याचा दंड, मग दोन फटक्यांचा, आणि तिसऱ्या वेळी स्पर्धेतून बाद करण्याची तरतूदही आहे.

परंतु दंड करण्यास पंच लागतो आणि रविवारच्या मैत्रीच्या खेळात पंच नसतो. शिवाय जेथे पंच, घड्याळ आणि दंड तिन्ही आहेत तेथेही सर्व काही सुरळीत होते असे नाही. याचा पुरावा नागपूरकरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याच्या नव्या मैदानावरचा पहिला कसोटी सामना भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात झाला. चौथ्या दिवशी, ९ तारखेला, चहापानाच्या वेळी भारताचे दुसऱ्या डावात १६६ धावांत सहा गडी बाद झाले होते व आघाडी २५२ धावांचीच होती. ऑस्ट्रेलियाला सामना हाती घेण्याची हीच संधी होती. पण त्यांची षटके ठरलेल्या गतीच्या सुमारे दहा मागे पडली होती, आणि ही तूट न भरल्यास कर्णधार रिकी पाँटिंग यांच्यावर एका सामन्याच्या बंदीचे संकट होते. त्यांनी वेगवान गोलंदाजांना बाजूस ठेवून हसी, व्हाइट, क्लार्क अशा छोट्या धावेच्या मंदगती गोलंदाजांकडून भराभर षटके टाकून घेण्यास आरंभ केला. महेंद्रसिंह धोनी आणि हरभजन सिंग यांनी त्या अवधीचा लाभ घेऊन १०८ धावांची भागी केली. भारताचा डाव २९५ वर संपला आणि दुसऱ्या दिवशी भारताने सामना १७२ धावांनी जिंकला. मालिकाही २–० अशी भारताकडे आली.

पाँटिंग यांच्या त्या निर्णयावर तेव्हा त्यांच्याच देशात बरीच टीका झाली. आपला खेळ सोपा झाला म्हणून नागपूरकरांना त्याचा आनंद होणे साहजिक होते. परंतु त्यातील तात्पर्य ध्यानात घेण्याजोगे आहे. षटके काही चहापानानंतर मागे पडली नव्हती. ती तासातासाला एकेक करून आधीच मागे पडत गेली होती. वेळेचे ऋण असेच असते. घेताना ते जाणवत नाही, आणि फेडण्याची पाळी येते ती नेमकी अडचणीच्या प्रसंगी. कायद्याने दंडाचा धाक घालून ऋण वसूल केले खरे, पण खेळाचे मोल देऊन. प्रेक्षकांना उत्तम गोलंदाजी पाहावयास मिळाली नाही आणि कर्णधाराला सामन्याऐवजी घड्याळाकडे पाहून खेळावे लागले. म्हणूनच पुढे क्रिकेटच्या चालकांनी दोन षटकांच्या मधल्या वेळावरच साठ सेकंदांचे घड्याळ लावले. ही योजना २०२३ च्या डिसेंबरात मर्यादित षटकांच्या सामन्यांत आली आणि २०२५ मध्ये कसोटीतही लागू झाली. दिवसाअखेरीच्या दंडापेक्षा क्षणोक्षणीची सावधगिरी बरी, हे त्यामागचे धोरण.

हौशी गॉल्फ खेळाडूला असे घड्याळ कोणी देणार नाही, ते त्याने स्वतःच्याच मनात बसविले पाहिजे. त्यासाठी फार मोठ्या त्यागाची आवश्यकता नाही. दुसरा खेळत असता आपला अंदाज घेऊन ठेवावा. चेंडू हरवला असावा असे वाटताच तात्पुरता दुसरा चेंडू मारून मगच शोधास निघावे. फटक्यांचा जमाखर्च ग्रीनवर उभे राहून लिहू नये. तो पुढच्या होलकडे जाताना लिहावा. दूरध्वनी घरी नाही तरी पिशवीत ठेवावा. आणि आपण मागच्या गटाच्या पुढे आहो यात समाधान न मानता, पुढच्या गटाच्या मागोमाग आहो किंवा नाही हे पाहावे. पुढे एखादा होल रिकामा पडला आणि मागे माणसे तिष्ठत असली, तर बाजूस होऊन हात उंच करावा व त्यांना वाट द्यावी. यात पाच मिनिटे जातात, परंतु दोन्ही गटांचा उरलेला दिवस सुखाचा होतो.

सौजन्य मात्र एकतर्फी नसावे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशा वृत्तीचे खेळाडूही मैदानावर असतात. पुढचे लोक अजून टप्प्यात असताना फटका मारून त्यांना घाबरविणे, पाठीशी उभे राहून उसासे टाकणे, नवख्याला ऐकू जाईल अशा बेताने शेरे मारणे हा खोळंब्याहून मोठा अपराध होय. खोळंब्याने वेळ जातो. चेंडू लागला तर डोळा जाऊ शकतो. तयारी आणि घाई यांत महदंतर आहे. तयार मनुष्य शांत असतो, कारण त्याला पुढचे पाऊल ठाऊक असते.

आता उरला तो सर्वांत नाजूक प्रश्न. सांगावयाचे कोणी? आपल्या समाजात भीड फार. भीड भिकेची बहीण ही म्हण आपल्याला पाठ असते, तरी प्रसंगी ओठ उघडत नाहीत. त्यातून संथ खेळणारा गृहस्थ वरिष्ठ अधिकारी असला, नामांकित वकील असला किंवा क्लबातील वडीलधारा असला, म्हणजे सगळेच मौन धरतात. किंबहुना दुसऱ्याला तिष्ठत ठेवणे हेच मोठेपणाचे लक्षण आहे अशी एक समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. सभेला अध्यक्ष उशिरा येतात, कचेरीत साहेब उशिरा भेटतात, लग्नात मुहूर्त टळला तरी मोठ्या पाहुण्यांची वाट पाहतात. जो जितका मोठा, तितके त्याच्यासाठी थांबणारे लोक अधिक. गॉल्फच्या मैदानावरचा खोळंबा हे याच वृत्तीचे हिरवळीवरचे रूप होय.

म्हणून या बाबतीत उपदेशाचा अधिकार धाकट्यांना नाही आणि उदाहरणाचा अधिकार थोरांनाच आहे. ज्येष्ठ सभासदाने स्वतः होऊन मागच्या पोरसवद्या खेळाडूंना हात करून पुढे जाऊ दिले, तर क्लबाच्या फलकावरील दहा सूचनांचे काम ती एक कृती करते. त्याच्या शेजारी पिशवी घेऊन उभा असलेला कॅडीही ते पाहतो, आणि आपल्याही वेळेची किंमत कोणीतरी धरली हे त्याला न सांगता कळते. पैसा उसना घेतला तर परत करता येतो. वस्तू हरविली तर भरून देता येते. नागपूरच्या वैशाखातील सकाळचे दोन थंड तास एकदा गेले म्हणजे ते कोणालाच परत देता येत नाहीत. म्हणून ते घेण्यापूर्वी मागे वळून पाहावे, हेच या खेळातील सौजन्याचे सार.